पिवळा पट्टा

१४ जानेवारी, मंगळवार

हॅरो मिल्स गावाच्या नियोजन मंडळानं शेवटी मलाच बोलावलं. जमीनवापर कायद्याचा तास संपवून खोलीत शिरतोय तोच त्यांच्या कारकुनाचा फोन. "प्रोफेसर ऑस्ट्रँडर, दोन शेजारी आहेत. तीन सुनावण्या झाल्या, दोघं एकमेकांना खाऊ की गिळू करताहेत. मध्यस्थी कराल का?" विचार करून कळवतो म्हणालो. ठरलं तर तेव्हाच होतं, पण लगेच हो म्हटलं की माणूस रिकामटेकडा वाटतो.

प्रकरण साधं आहे. लॉर्ना टीचाउट, वय एकाहत्तर, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. आपल्या गवताच्या शेतात तिला म्हाताऱ्या माणसांसाठी चौदा छोटी घरं होऊ द्यायची आहेत. शेजारी एमेट व्हॅन अल्स्टीन, वय अठ्ठ्याहत्तर, सफरचंदांची बाग. त्याचा घरांना विरोध. दोघांच्या मधून खडीची एक अरुंद वाट जाते. आगीचा बंब आत जायचा तर ती वीस फुटांनी रुंद करायला हवी. कोणाच्या बाजूनं, यावर घोडं अडलंय.

वीस वर्षं मध्यस्थी शिकवतोय, त्यावर दोन पुस्तकं आहेत. तरी या वहीपुरतं कबूल करतो की गेल्या चार वर्षांत एकाही खऱ्या भांडणात हात घातलेला नाही. वर्गात विद्यार्थ्यांना लुटुपुटूची भांडणं लावून देतो आणि ती सुटली की मीच खूश होतो.

कोरिनला सांगितलं. बायको म्हणून तिनं अभिनंदन केलं, मग म्हणाली, "म्हणजे या खेपेला माणसं खरी चिडणार. झेपेल ना, वेंडेल?"

२३ जानेवारी, गुरुवार

पहिली बैठक अग्निशमन केंद्राच्या सभागृहात. लॉर्नाबरोबर तिचा वकील प्रुइट, एक डोळा सतत घड्याळावर. एमेट एकटाच. "वकिलाला मी माझ्या फाटकाच्या आत घेत नाही, इथे कशाला घेऊ?" म्हणाला. त्यानं आपली पिकअप दोन गाड्यांच्या जागेवर आडवी लावली होती. ही माणसं जागेवरचा हक्क असाच दाखवतात.

मी माझी रंगांची पद्धत समजावून सांगितली. माझ्या खोलीत 'माझं' आणि 'तुझं' हे शब्द बंद. नकाशावर प्रत्येक तुकड्याला रंग दिलेला असतो आणि बोलायचं ते रंगातच. हिरवा, निळा, पिवळा. मालकीचा शब्द आला की माणूस कमरेला हात लावून उभा राहतो. रंगावरून सहसा कोणी भांडत नाही.

"बालवाडीत असंच असायचं," लॉर्ना म्हणाली. पण नकाशा तिनं ओढून घेतला आणि चष्मा लावून पाहू लागली.

एमेटनं नकाशाला हातसुद्धा लावला नाही. मी त्याच्यासमोर पसरला, तर त्यानं त्यावर आपली टोपी ठेवली. बोलताना माझ्याकडे सरळ बघतही नाही, मान वळवून तिरका बघतो, जणू मी कानाशी गुणगुणणारी माशी आहे. "या नकाशातलं मला काही सांगू नका. जमीन मला ठाऊक आहे," म्हणाला.

घरी येताना मला अगदी राहवेना. नकाशा नाकारणं! सरकारी कागदानं माणसाची जगलेली जमीन पुसली जाते आणि तो त्या कागदाकडे बघायलाच नकार देतो. असा नकार इतका स्वच्छ समोर घडताना मी कधी पाहिला नव्हता. यात एक लेख आहे.

३० जानेवारी, गुरुवार

एमेटनं बाग दाखवली. गुडघाभर बर्फ, आणि हा गडी हातमोजे काढून पुढे. प्रत्येक झाडाच्या खोडाला हात लावून नाव सांगत होता. वाटेच्या कडेला नॉर्दर्न स्पाय जातीची एकतीस झाडं एका रांगेत उभी आहेत, त्याच्या वडिलांनी लावलेली. "हे फळ धरायलाच बारा-पंधरा वर्षं घेतं. आता कोण लावतंय?" एकदाही अडखळला नाही. मी मात्र दोनदा आपटलो.

घरात कॉफी दिली. ओतताना कपात बोटाचं टोक बुडवून बघत होता. एकटा राहणाऱ्या पुरुषांना काय काय सवयी लागतात! बायको गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगी डार्सी ॲरिझोनात असते.

"ती मला न्यायला टपलीय," म्हणाला. "बाराव्या मजल्यावर. एक कारण सापडायचा अवकाश, आणि एमेट गेला वाळवंटात."

"कसलं कारण?"

"पडलो, धडपडलो. म्हाताऱ्याला कारणं काय कमी?" मग त्यानं विषय बदलला. घरं झाली की लोक येणार, मेमध्ये फवारणी सुरू केली की नाक दाबून मंडळाकडे धावणार, आणि शेवटी त्यालाच बाग बंद करावी लागणार. "मला इथेच मरायचंय, प्रोफेसर. एवढंच आहे बघा. बाकी तुम्ही काय रंगवायचं ते रंगवा."

आता मला दोघांची खरी गरज कळली. लॉर्नाला रस्ता हवाय, एमेटला निर्धास्तपणा. मग अडचण कुठे आहे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झालं! करार झाला!

तोडगा माझाच. चौदाही घरांचे लोक लिहून देणार की फवारणीबद्दल कधीही तक्रार करणार नाहीत. बागेच्या बाजूला लॉर्ना दाट कुंपण लावणार. बदल्यात वाट पिवळ्या पट्ट्यातून रुंद होणार. पिवळा पट्टा म्हणजे नॉर्दर्न स्पायची रांग. त्याला ते जड जाणार हे मला माहीत होतं, म्हणून मी फार हळुवारपणे विचारलं, "एमेट, पिवळा पट्टा रस्त्यासाठी जाईल. तुम्हाला दिसतंय ना, कुठून कुठवर?"

"दिसतंय."

"आणि चालेल?"

"पिवळा ना? चालेल की. खुशाल घ्या."

लॉर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. मीही. इतकं औदार्य! माणसाला खरोखर ऐकून घेतलं की तो कुठवर येतो. 

माझ्या पुस्तकात लिहिलंय की सहीआधी करार दोन्ही पक्षांना मोठ्यानं वाचून दाखवावा. पण प्रुइटला दुपारी दुसरी सुनावणी होती, बाहेर बर्फ सुरू झालेला, आणि सात पानं. मी म्हटलं, सगळं परिशिष्टातल्या नकाशात आहेच. एमेटला सहीची जागा बोटानं दाखवली. त्यानं माझं बोट धरून ठेवलं आणि त्याच्याशेजारी सही केली. किती विश्वास!

नावं बदलून लेखात हे प्रकरण वापरायची परवानगीही दोघांनी तिथेच सही करून दिली.

२ मार्च, रविवार

लेख पूर्ण. 'नकाशाला नकार'. अठ्ठावन्न पानं, दोनशे तीस तळटिपा. टोपीचा प्रसंग सुरुवातीलाच घेतलाय. कोरिननं पहिली दहा पानं वाचली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हा माणूस टोपी का ठेवतो, ते त्याला विचारलंस का?"

"ते प्रतीक आहे, कोरिन."

"ते कळलं. विचारलंस का?"

तिला मी समजावलं की विचारल्यानं उत्तर बिघडतं. ती भांडी धुवायला उठली.

२१ मार्च, शुक्रवार

लेख स्वीकारला! नियतकालिकही मोठं आहे, नाव लिहीत नाही, दृष्ट लागेल. आमच्या धंद्याची गंमत अशी की आम्हा प्राध्यापकांचे लेख तपासतात विद्यार्थी. मला मिळालेली संपादक थिओडोरा क्विस्ट, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'सूर्य पूर्वेला उगवतो' असं लिहिलं तरी ही मंडळी समासात आधार मागतात.

मंडळाची शेवटची सुनावणी २२ एप्रिलला. एकदा शिक्कामोर्तब झालं की कुऱ्हाड चालवायला मोकळे.

२ एप्रिल, बुधवार

क्विस्टबाईंकडून तपासलेली प्रत आली. एकशे चाळीस शंका. दुपारभर कुरकुरत एकेक निपटत होतो. बाराव्या पानावर, जिथे मी 'श्री. अ यांनी नकाशाकडे पाहण्याचेच नाकारले' असं लिहिलंय, तिथे समासात हे सापडलं:

'आधार? त्यांना तो दिसत होता, हे आपण कशावरून ठरवलंत? माझे आजोबा डोळ्यांनी अधू झाल्यावर विजेच्या बिलावर हात ठेवून म्हणायचे, "यातलं मला काही सांगू नका." तिरकं बघणं आणि कपात बोट घालणं (पान १९) हेही ते करायचे. चूक असल्यास क्षमस्व.'

मी ते तीनदा वाचलं. मग उठून खिडकी उघडली.

टोपी. आडवी लावलेली पिकअप. कपातलं बोट. माझं बोट धरून केलेली सही. एकूण एक गोष्ट मी स्वतःच्या हातानं टिपून ठेवली होती, तळटिपांसकट. गाढवा! वीस वर्षं मुलांना 'ऐका, ऐका' म्हणून शिकवतोस आणि समोरच्या माणसाला दिसत नाही एवढं तुला दिसलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

एमेटकडे गेलो. 'दिसतं का?' असं तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. म्हणालो, "करार वाचून दाखवायचा राहिला होता. वाचू?"

त्यानं टेबलाची कड चाचपली. मग खुर्ची ओढली. "वाचा."

सातही पानं वाचली. परिशिष्टाशी आल्यावर रंग सोडून दिले. "पिवळा पट्टा म्हणजे वाटेच्या पश्चिमेला वीस फूट. म्हणजे तुमची नॉर्दर्न स्पायची रांग. एकतीसच्या एकतीस."

त्याचे हात टेबलावरच होते. "पिवळं म्हणजे लॉर्नाचं गवत," तो म्हणाला. "सप्टेंबरात ते पिवळंधमक होतं. मला अजून कळतं तेवढं. इथे दुसरं पिवळं आहेच काय?"

झाडं पिवळी मी केली होती. पेन्सिलींच्या डब्यात त्या दिवशी पिवळी पेन्सिल वर होती.

आम्ही बाहेर पडलो. मोजणीवाल्यांच्या खुंट्या रांगेच्या आतल्या अंगाला ठोकलेल्या आहेत. त्यानं एकेक खुंटी चाचपली आणि पलीकडे हात लांबवून झाड. खुंटी, झाड. खुंटी, झाड. सगळी एकतीस. शेवटच्या खुंटीशी मटकन बर्फातच बसला.

दोन वर्षं झाली म्हणे. नजरेचा मधला भाग गेला, कडा तेवढ्या उरल्यात. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलंय. कोणाला बोलला नाही. डार्सीला कळलं की बारावा मजला.

"पण तुम्ही गाडी चालवता!"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्त्यावर माणसंही असतात, एमेट."

त्यानं हाताचा बर्फ झटकला. मग म्हणाला, "आता मंडळाला सांगणार?"

"मला सांगता येत नाही. मध्यस्थीत कळलेलं बाहेर बोलायला मला बंदी आहे."

"वा! म्हणजे तुमचं तोंड बंद, आणि झाडं माझी गेली."

खरं तेच लिहायचं तर त्या बंदीची आठवण झाली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ते त्याच्याही कानांनी पकडलं असावं.

९ एप्रिल, बुधवार

सहा दिवस काहीच केलं नाही. लेख पाठवायची मुदत परवाची. कोरिनला, नावगाव गाळून, सांगितलं. वाटलं, धीर देईल.

"माझ्याशी मध्यस्थी करू नकोस," ती म्हणाली. "दोन्ही बाजू मांडून झाल्या तुझ्या. तुझं स्वतःचं काय चुकलं, ते सांगायला कुठल्या कायद्याची बंदी आहे?"

कुठल्याच नाही.

रात्रीच्या जेवणाआधी दोन पत्रं लिहिली. पहिलं लॉर्ना, प्रुइट आणि एमेटला: सहीआधी करार मी वाचून दाखवला नाही, पट्टा कोणाचा ते स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही, दोष माझा, करार पुन्हा उघडावा. दुसरं क्विस्टबाईंना: लेख मागे घेतोय, तुमची बाराव्या पानावरची शंका बरोबर होती. दुसरं लिहिताना जास्त त्रास झाला. असा मी.

१५ एप्रिल, मंगळवार

प्रुइटचं उत्तर दोन ओळींचं. सज्ञान माणसानं न वाचता सही केली, हे कारण कायद्यात चालत नाही. बरोबर आहे. मी हेच पहिल्या वर्षाला शिकवतो.

एमेटला फोन करून सांगितलं की माझ्या पत्रानं भागणार नाही. कारण सांगायचं तर ते त्यालाच सांगावं लागेल, चारचौघांत, आणि मग गाडीही जाईल. "तुम्ही सांगितलं नाही तरी गाडी बंद करा," हेही म्हणालो. मध्यस्थानं असा सल्ला देऊ नये. दिला.

त्यानं फोन ठेवला.

२२ एप्रिल, मंगळवार

आजचं सगळं आजच लिहून ठेवतो.

सुनावणी सहाला होती. सभागृहात चाळीसेक माणसं. मी मागच्या रांगेत. मला बोलायला बंदी. बाहेर पिकअप उभी होती, दोन जागांवर आडवी. 

अध्यक्षांनी विचारलं, कराराबद्दल कोणाला काही म्हणायचंय? एमेट उठला. टोपी काढून हातात घेतली.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "पण मी कशावर सही करतोय ते मला दिसलं नाही. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. लाज वाटली म्हणून बोललो नाही. झाडं जातायत हे मला याच महिन्यात कळलं. माझं म्हणणं एवढंच."

प्रुइट उठायला लागला तशी लॉर्नानं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"एमेट," ती म्हणाली, "मला ती झाडं नकोच होती. मला वाटलं तूच देतोयस. रस्ता माझ्या गवतातून गेला असता तरी माझं काय जात होतं? वीस फूट गवत! मी पहिल्या दिवशी हेच म्हणणार होते. पण याच्या खोलीत 'माझं' म्हणायची चोरी." आणि तिनं वळून थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

चाळीस माणसांनी माना वळवल्या. माझे कान तापले. अख्खा तोडगा माझा होता, आणि तो दोघांपैकी कोणालाच नको होता.

अध्यक्षांनी महिनाभराची मुदत दिली. दोघांनी नवा करार आणायचा. लोक उठायला लागले, तेवढ्यात लॉर्नाचा आवाज आला.

"थांब. आज तू इथे आलास कसा?"

"पिकअपनं."

"कोणी चालवली?"

एमेटनं टोपी डोक्यावर घातली.

"तीस वर्षं या रस्त्यावर मी पोरं वाहिली. आजही त्याच रस्त्यावर पोरं बसची वाट बघत उभी असतात. दोन वर्षं तू त्यांच्यासमोरून..." तिनं नुसता हात पुढे केला.

तो हात त्याला दिसत नव्हता. पण कळला असणार, कारण थोड्या वेळानं त्यानं खिशातून चावी काढली. ती द्यायला त्याला फार वेळ लागला. सगळे छताकडे, जमिनीकडे बघत होते.

पिकअप लॉर्नानं चालवली. मला म्हणाली, "तुम्हीही बसा, येताना तुमच्या गाडीशी सोडते." मी दोघांच्या मध्ये. वाटभर दोघं माझ्या अंगावरून भांडत होते.

"कुंपण पाच फूट बास."

"सात. तुझ्या म्हाताऱ्या चकाट्या पिटत बसतील माझ्या झाडांखाली."

"त्या तुझ्याहून तरुण आहेत!"

"आणि हळू घे. पुढे वळण आहे."

"मला सांगतोस वळण?"

त्याच्या अंगणात गाडी थांबली. तो उतरला, दार लावलं, पण हात दारावरून काढला नाही. "सोमवारी फवारणीचं औषध आणायला जायचंय," म्हणाला. आवाज इतका लहान मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"साताला तयार राहा," लॉर्ना म्हणाली. "आणि डार्सीला रविवारच्या आत तू सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"ती मला घेऊन जाईल."

"येऊ दे की. माझ्या चौदा घरांतलं पहिलं कोणासाठी राखून ठेवू, ते तिलाच विचारते. तुझ्या बागेला लागूनच आहे."

त्यानं दार सोडलं. पायरीवर जाऊन उभा राहिला. लॉर्नानं गाडी मागे घेतली. आपलीच गाडी दुसरं कोणीतरी नेतंय, हे तो मान वाकडी करून ऐकत होता. पिकअप आता तिच्याच अंगणात राहणार. मी हात हलवला. तो तसाच उभा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाईघाईनं मी लॉर्नाच्या शेजारून दाराकडे सरकलो, खिडकीची काच खाली केली आणि मोठ्यानं ओरडून सांगितलं, "एमेट, मी निघतोय!"

"बरं," तो म्हणाला, आणि आवाजाच्या दिशेनं हात वर केला.